साय धरायच्या आत

पातळ द्रव आटवणं सोपं असतं, ओला भुगा वाळवणं त्याहून सोपं. कसोटी लागते ती या दोन्हींच्या मधल्या अवस्थेत: मधासारखा दाट, स्पॅच्युला उचलला की तार धरणारा, काचेला चिकटून बसणारा पदार्थ. वनस्पतींचे अर्क, डिंकाची द्रावणं, पाक, राळ, अभिक्रिया संपल्यावर चंबूच्या तळाशी उरणारा तपकिरी लगदा, हे सगळे एकाच जातीचे. आमच्याकडे स्प्रे ड्रायर नाही, फ्रीझ ड्रायर नाही. रोटावेपर आहे (गरम पाण्याच्या बाथमध्ये चंबू फिरवत, दाब कमी करून द्रावक उडवणारं आणि ते कंडेन्सरमध्ये गार करून गोळा करणारं यंत्र), पाण्याच्या धारेवर चालणारा पंप आहे, एक डायाफ्राम पंप, पंख्याचा साधा ओव्हन, दोन फळ्यांचा छोटा व्हॅक्यूम ओव्हन, जाड काचेचे दोन डेसिकेटर (आत ओल शोषणारा पदार्थ ठेवायची हवाबंद भांडी) आणि ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा. एवढ्या सामानावर असे पदार्थ नीट वाळतात आणि प्रत्येक बॅच आधीच्या बॅचसारखीच येते. फक्त उष्णता वाढवण्याचा मोह आवरावा लागतो आणि थर पातळ करण्याचे कष्ट घ्यावे लागतात.

उदाहरण म्हणून ७० टक्के इथेनॉलमध्ये काढलेला आणि गाळलेला एक लिटर अर्क घेऊ.

पहिलं काम वाळवण्याचं नाही, वजनाचं. अर्क नीट हलवून त्यातला ५ मिलिलिटर पिपेटनं वजन केलेल्या बशीत घ्यायचा, वॉटर बाथवर आटवायचा, मग ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा वजन करायचं. समजा ०.२ ग्रॅम उरलं, तर लिटरमध्ये ४० ग्रॅम घन पदार्थ आहे. हा आकडा हातात असला की पुढचा सगळा प्रवास काट्यावर दिसतो. रिकाम्या चंबूचं वजन आधी लिहून ठेवलेलं असेल, तर आतल्या मालाचं वजन ६६.७ ग्रॅम झालं म्हणजे तो ६० टक्के घन झाला, ४४.४ ग्रॅमला ९० टक्के, ४२.१ ग्रॅमला ९५ टक्के. दाटपणा डोळ्यांनी जोखणं फसवं आहे, कारण गरम चंबूत वाहणारा पाक थंड झाल्यावर दगडासारखा होतो. बाथमधून काढलेला चंबू बाहेरून पुसून, खोलीच्या तापमानाला आणून मगच काट्यावर ठेवायचा. बाहेरच्या पाण्याचा एक थेंबसुद्धा ०.०५ ग्रॅमचा असतो.

रोटावेपरवर बाथ ५० अंश सेल्सिअसला, कंडेन्सरमधलं पाणी जमेल तितकं गार. शुद्ध इथेनॉल १८० मिलिबारच्या आसपास ४० अंशांना उकळतं, पाण्याला त्याच तापमानाला उकळायला सुमारे ७४ मिलिबारपर्यंत उतरावं लागतं. म्हणून दाब एकदम खाली नेत नाही. १७० च्या जवळ सुरुवात, थेंब मंदावले की थोडं खाली, असं करत शेवटी ७० च्या खाली. बाथ, बाष्प आणि कंडेन्सर यांच्यात वीस-वीस अंशांचं अंतर राहिलं तर यंत्र सुरळीत चालतं. बाथ ५० आणि बाष्प ३० असेल तर कंडेन्सरचं पाणी १० अंशांचं हवं. नळाचं पाणी एवढं गार नसेल तर बादलीत बर्फ घालून छोट्या पंपानं फिरवतो.

पाण्याच्या धारेचा पंप वापरणाऱ्यांनी एक मर्यादा लक्षात ठेवावी. तो पाण्याच्या स्वतःच्या बाष्पदाबाखाली जाऊच शकत नाही. पाणी ३० अंशांचं असेल तर दाब फार तर ४२ मिलिबारपर्यंत उतरतो, २० अंशांना २३ पर्यंत, १० अंशांना १२ पर्यंत. टाकीतलं पाणी फिरवून वापरलं तर ते तासाभरात तापतं आणि व्हॅक्यूम हळूहळू ढिला होतो. मग दोष सांध्यांना दिला जातो, ग्रीस बदललं जातं, आणि दुखणं मात्र टाकीतल्या गरम पाण्यात असतं. पंप आणि चंबू यांच्यामध्ये रिकामी बाटली हवीच, नाहीतर नळाचा दाब पडला की पाणी उलटं येऊन सगळा अर्क पातळ करतं.

इथेनॉल संपत आलं की दोन गोष्टी घडतात, आणि दोन्हींची तयारी आधीच हवी. पहिली फेसाची. सॅपोनिन असलेले अर्क इथेनॉल असेपर्यंत शहाण्यासारखे वागतात, ते गेलं की साबणासारखे फुगून थेट कंडेन्सरमध्ये चढतात. चंबू एक तृतीयांशाहून जास्त न भरणं हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. मोठा बंप ट्रॅप, म्हणजे उसळलेला माल मध्येच अडवणारा काचेचा गोळा, लावला तर आणखी बरं. फेस चढताना दिसला की व्हॅक्यूम तोडायचा नाही, कॉक क्षणभर किलकिला करून थोडी हवा आत सोडायची. बुडबुडे दबून फुटतात. एक-दोन थेंब ऑक्टॅनॉलनंही फेस मोडतो, पण ते १९५ अंशांना उकळतं आणि मालात राहून जातं, त्यामुळे शुद्धतेचा प्रश्न असेल तिथे आम्ही ते वापरत नाही.

दुसरी गोष्ट जास्त त्रासाची आहे. इथेनॉलमध्ये विरघळलेली राळ, मेण, हरितद्रव्य उरलेल्या पाण्यात विरघळत नाही. ते सुटं होऊन काचेवर हिरवट-काळा चिकट पट्टा धरतं. आता चंबूत एकाऐवजी दोन पदार्थ आहेत, आणि ते एकत्र समान थरात कधीच पसरत नाहीत. हे दोन भाग वेगळे चालणार असतील तर इथेच वेगळे करावेत, पाण्याचा भाग ओतून घ्यावा आणि राळ थोड्या इथेनॉलमध्ये विरघळवून स्वतंत्र वाळवावी. अर्क अखंडच हवा असेल तर एकूण मालाच्या पाचवा हिस्सा इथेनॉल पुन्हा घालून सगळं एकजीव करावं आणि त्याच अवस्थेत ट्रेवर पसरावं.

रोटावेपर कुठे थांबवायचं, इथे बहुतेक चुका होतात. चंबूतच पूर्ण कोरडं करायचा हट्ट धरला की तळाशी काचेसारखा थर बसतो, आत पाणी अडकलेलं, बाहेरून टणक. तो खरवडताना स्पॅच्युला वाकतो, काचेला ओरखडे पडतात, कधी चंबूच फुटतो. आम्ही ५५ ते ६० टक्क्यांना थांबतो. ५० अंशांना असताना हा पाक अजून ओतता येतो. चंबू गरम असतानाच ओतायचा, उरलेलं ५-५ मिलिलिटर कोमट ५० टक्के इथेनॉलनं दोनदा विसळून त्याच पाकात मिळवायचं.

आता थराचा हिशोब. ६६.७ ग्रॅम पाक, घनता साधारण १.२५, म्हणजे ५३ मिलिलिटर. विसळण्याचं द्रावक पसरताना लवकरच उडून जातं, म्हणून ते हिशोबात धरत नाही. अर्धा मिलिमीटर जाडीचा थर हवा असेल तर क्षेत्रफळ लागतं १,०६० चौरस सेंटिमीटर. १४ सेंटिमीटर व्यासाच्या सात बशा, किंवा ३० बाय ३६ सेंटिमीटरचा एक ट्रे. ९ सेंटिमीटरच्या नेहमीच्या पेट्री डिश सतरा लागतील. एवढ्या बशा कोण मांडणार म्हणून सगळा माल एकाच बशीत ओतला जातो, आणि मग चार दिवसांनीही आत ओलंच कसं, असा प्रश्न पडतो.

त्याचं उत्तर भौतिकशास्त्रात आहे. दाट पाकातून पाणी बाहेर येतं ते विसरणानं, रेणू-रेणूनं वाट काढत, आणि त्याला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी निम्मी केली तर वेळ एक चतुर्थांश. घट्ट पाकात पाण्याचा विसरण गुणांक १०⁻¹¹ चौरस मीटर प्रतिसेकंद धरून जाडीचा वर्ग भागिले हा गुणांक असं ढोबळ गणित मांडलं, तर ०.२ मिलिमीटरच्या थराला तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो, १ मिलिमीटरला सुमारे २८ तास, आणि ५ मिलिमीटरला जवळपास महिना. पदार्थ सुकत जातो तसा हा गुणांक स्वतःच कोसळतो, त्यामुळे प्रत्यक्षात जाड थराची अवस्था यापेक्षाही वाईट. तापमान दहा अंशांनी वाढवून जे साधत नाही ते थर निम्मा करून साधतं, आणि त्यात माल करपत नाही.

ट्रेवर टेफ्लॉनची किंवा सिलिकॉनची शीट अंथरायची. साध्या काचेवरून वाळलेला पापुद्रा निघतो पण तुकडे होऊन, आणि ॲल्युमिनियम फॉइल तर मालाबरोबरच फाटून येतं. ओव्हनची फळी सपाट आहे का हे पाणसळ ठेवून पाहायचं. ट्रे जरासा कललेला असेल तर एका कडेला शून्य आणि दुसऱ्या कडेला १ मिलिमीटर थर होतो, आणि वाळण्याचा एकूण वेळ त्या जाड कडेवरून ठरतो. कोपऱ्यात साचलेला पाक स्पॅच्युलानं मध्याकडे ओढून घ्यायचा. ओढल्यावर मागे रेघ राहिली आणि ती हळूहळू बुजली तर दाटपणा योग्य. बुजलीच नाही तर पाक जास्त घट्ट झालाय, त्यात थोडं कोमट द्रावक मिसळून पुन्हा पसरणं चांगलं.

ट्रे ओव्हनमध्ये जाण्याआधी एक सुरक्षेची गोष्ट. इथेनॉलचा वास येत असेल तोवर ट्रे फ्यूम हूडमध्येच, म्हणजे बाष्प बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटातच राहतो. हवेत ३.३ टक्के इथेनॉल बाष्प झालं की ठिणगीनं पेट घेऊ शकतं. ५० लिटरच्या ओव्हनमध्ये एवढं बाष्प व्हायला ४ मिलिलिटरहून कमी द्रव इथेनॉल पुरतं. साध्या ओव्हनचा थर्मोस्टॅट आतल्या आत ठिणगी पाडतो, म्हणून इथे तडजोड नाही.

सुरुवात ४० अंशांवर, पंखा मंद. इथे सगळं लक्ष सायीवर. वरचा पृष्ठभाग आधी सुकतो, सुकला की घट्ट होतो, घट्ट झाला की खालच्या पाण्याची वाट बंद करतो. गरम आणि जोरात वाहणारी हवा ही साय अर्ध्या तासात आणते. ट्रेकडे तिरपं पाहिलं तर कळतं: ओला पाक आरशासारखा चमकतो, साय धरू लागली की चमक मंदावते आणि कडेकडून बारीक सुरकुत्या मध्याकडे सरकतात. काचेच्या कांडीच्या टोकानं हलकेच दाबलं आणि पृष्ठभाग फाटण्याऐवजी खाली वाकला, तर साय पक्की झालीय. ती तशीच सोडू नये. कंगव्यासारख्या खाचा असलेल्या प्लास्टिकच्या पट्टीनं आडव्या-उभ्या रेघा ओढाव्यात, साय मोडून पाकात मिसळावी. पहिले तीन-चार तास दर ४० मिनिटांनी हे करतो. साय फारच चिवट झाली असेल तर तिच्यावर ९५ टक्के इथेनॉलचा बारीक फवारा मारला की ती मऊ होते. मग ट्रे पुन्हा हूडमध्ये, वास जाईपर्यंत.

इथेनॉल घालून पाणी ओढून काढता येतं हा समज अर्धाच खरा. साध्या दाबाला इथेनॉल आणि पाणी ९५.६ टक्के इथेनॉलच्या प्रमाणात एकत्र उकळतात, म्हणजे १ ग्रॅम पाणी नेण्यासाठी सुमारे २२ ग्रॅम इथेनॉल खर्ची पडतं. आयसोप्रोपेनॉलचं तसंच मिश्रण सुमारे १२ टक्के पाणी नेतं, टोल्यूईनचं सुमारे २० टक्के. टोल्यूईन कार्यक्षम खरं, पण चिकट मालात ते स्वतःच अडकून बसतं आणि काढायला पाण्याइतकंच अवघड, शिवाय विषारी. त्यामुळे इथेनॉलचा खरा उपयोग पाक पातळ करून पुन्हा पसरण्यासाठी, पाणी वाहून नेण्यासाठी नव्हे.

ट्रेचं वजन ९० टक्क्यांच्या आकड्यावर आलं, म्हणजे माल ४४ ग्रॅमच्या आसपास, की व्हॅक्यूमची पाळी. याआधी डेसिकेटरमध्ये नेऊन उपयोग नाही. ६० टक्क्यांवर मालात २६.७ ग्रॅम पाणी असतं. डेसिकेटरमधल्या कोरड्या हवेत सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या साधारण दहा टक्केच पाणी घेईल असं धरलं, तर पाव किलोहून जास्त जेल लागेल. ९० टक्क्यांवर उरलेलं पाणी साडेचार ग्रॅमच्या आत असतं, तिथे २०० ग्रॅम जेल आरामात पुरतं.

व्हॅक्यूममध्ये चिकट माल फुगतो, आणि हे फुगणं शत्रूही आहे, मित्रही. बशीचा पाचवा भागच भरलेला असावा. पंप सुरू करून २०० मिलिबारपर्यंत यायचं आणि थांबायचं. आधी मोहरीएवढे बुडबुडे कडेला दिसतात, मग ते मध्याकडे येतात, मग सगळा थर एकदम पावासारखा वर उठतो. काठापर्यंत आला की हवा सोडायची, तो बसतो. पुन्हा ओढायचं, पुन्हा सोडायचं. चार-पाच फेऱ्यांनंतर बुडबुड्यांच्या भिंती इतक्या घट्ट होतात की फेस उठतो तो उठलेलाच राहतो. मग दाब २०-३० मिलिबारपर्यंत नेऊन रात्रभर ठेवायचं. घट्ट झालेला हा फेस म्हणजे शेकडो पातळ पापुद्रे, कागदाहून पातळ. जो थर हातानं कधी पसरता आला नसता तो इथे आपोआप मिळतो. घाईनं एकदम पूर्ण व्हॅक्यूम दिला तर साय फुग्यासारखी ताणली जाऊन फुटते आणि माल झाकणावर, जेलवर, नळीत उडतो.

काचेच्या डेसिकेटरला ओढण्याआधी ओरखडे, तडे पाहून घ्यायचे, आणि भोवती जाळी किंवा चिकटपट्टीचे आडवेउभे वेढे असल्याशिवाय व्हॅक्यूम द्यायचा नाही. हवा आत सोडताना नळीच्या तोंडावर गाळणकागदाचा तुकडा धरायचा. हवेचा दाब तो जागीच चिकटवून ठेवतो आणि हवा हळू झिरपते. नाहीतर रात्रभर जपलेला हलका फेस आत येणाऱ्या झोतानं धूळ होऊन उडतो.

शोषक काय ठेवायचं हे आत कोणता द्रव आहे यावर ठरतं. पाण्यासाठी सिलिका जेल, १२० ते १५० अंशांना तापवून परत वापरता येतं. पाण्याबरोबर इथेनॉलचा अंश असेल तर निर्जल कॅल्शियम क्लोराईड, ते दोन्ही धरतं. हेक्झेन, टोल्यूईन यांसाठी पॅराफिन मेणाचा कीस. ॲसेटिक ॲसिडच्या वासासाठी पोटॅशियम हायड्रॉक्साईडच्या गोळ्या वेगळ्या बशीत. फॉस्फरस पेंटॉक्साईड सर्वांत प्रखर, पण त्याच्यावरही पाकासारखी साय धरते आणि आतली भुकटी निकामी राहते. म्हणून ते काचेच्या लोकरीवर पसरून ठेवावं लागतं, आणि पाण्याशी त्याची अभिक्रिया जोरदार असल्यामुळे नंतरची विल्हेवाट जपून. शेवटच्या दोन टक्क्यांसाठीच ते बाहेर काढतो.

पंपाचीही काळजी हवी. ऑइल पंप लावत असाल तर मध्ये गार ट्रॅप (बाष्प थंड करून अडवणारं भांडं) नसताना चिकट अर्क कधीच ओढू नये. पाणी आणि इथेनॉल तेलात उतरतं, तेल दुधी होतं, व्हॅक्यूम ढिला होतो. तेल दुधी दिसलं की गॅस बॅलास्ट (पंपात थोडी हवा सोडणारी झडप) उघडून तासभर पंप नुसता चालवायचा. तरी निवळलं नाही तर तेल बदलणंच बरं.

एवढं करूनही काही पदार्थ भुकटी होतच नाहीत, आणि तिथे दोष कामाचा नसतो. प्रत्येक अस्फटिकी पदार्थाला काचेसारखं टणक राहण्याची एक तापमानमर्यादा असते. तिच्या दहा-वीस अंश वर गेलं की तो चिकटू लागतो. पूर्ण कोरड्या सुक्रोजची ही मर्यादा ६२ ते ७० अंशांच्या आसपास, ग्लुकोजची ३१, आणि फ्रुक्टोजची जेमतेम ५. पाण्याची तर उणे १३५ च्या जवळ, त्यामुळे थोडंसं उरलेलं पाणीही ही मर्यादा झपाट्यानं खाली ओढतं. फ्रुक्टोज भरपूर असलेला अर्क कितीही वाळवला तरी खोलीच्या तापमानाला चिकटच राहणार. त्याला ओव्हनमध्ये आणखी एक आठवडा ठेवून तो फक्त तपकिरी होईल.

अशा वेळी वाहक पदार्थ घालावा लागतो. कमी डीई असलेल्या, म्हणजे स्टार्चच्या साखळ्या कमी तुटलेल्या माल्टोडेक्स्ट्रिनची मर्यादा दीडशे अंशांच्याही वर असते, म्हणून ते मिसळलं की मिश्रणाची मर्यादा वर सरकते. कोरड्या वजनावर निम्मंनिम्मं इथून सुरुवात करतो. माल चिकटच राहिला तर माल्टोडेक्स्ट्रिन ७० टक्क्यांपर्यंत नेतो. ते पाक ६० टक्क्यांवर असतानाच, कोमट पाण्यात विरघळवून घालायचं. वाळत आलेल्या गोळ्यात कोरडी भुकटी कालवली तर गुठळ्या होतात, वर पांढरं आणि आत काळं. तेलकट, राळेसारख्या अर्काला माल्टोडेक्स्ट्रिन फारसं मानवत नाही, तिथे कोलॉइडल सिलिका ५ ते १० टक्के. वाहक घातल्याची आणि प्रमाणाची नोंद बाटलीवरच हवी, नाहीतर पुढे मात्रा काढणारा सरळ दुपटीनं चुकतो. अर्क पुढे घटक वेगळे करण्यासाठी क्रोमॅटोग्राफीच्या कॉलमवरच चढवायचा असेल तर वाळवण्याचा खटाटोपच करू नये. द्रावणात दुप्पट-तिप्पट वजनाचं सिलिका जेल घालून रोटावेपरवर सुकवावं, वाळू वाहावी तशी भुकटी मिळते. बंप ट्रॅपच्या तोंडाशी काचेच्या लोकरीचा बोळा मात्र हवा.

डिंक आणि पॉलिमर यांची वाट वेगळी. त्यांचं पाण्यातलं द्रावण सरळ वाळवलं तर शिंगासारखी कडक, अर्धपारदर्शक चकती मिळते, जी दळता येत नाही आणि पुन्हा विरघळायला दिवस घेते. त्याऐवजी १ ते २ टक्के द्रावण तिप्पट-चौपट ९५ टक्के इथेनॉलमध्ये बारीक धारेनं ओतायचं, ढवळत. उलटं केलं, म्हणजे इथेनॉल डिंकात ओतलं, तर एकच मोठा गोळा होतो आणि त्याच्या पोटात पाणी राहतं. बरोबर झालं तर पांढरे धागे सुटतात. धागे सुटायच्या ऐवजी नुसतं गढूळ झालं तर बहुधा क्षार कमी आहेत. विद्युतभार असलेल्या डिंकांना थोडं मीठ लागतं, द्रावणात अर्धा टक्का सोडियम क्लोराईड घातलं की पुंजके येतात. ते मलमलीत पिळायचे, ८५ टक्के इथेनॉलमध्ये अर्धा तास, मग ९५ टक्क्यांत, शेवटी ॲसिटोनमध्ये, दर वेळी पिळून आणि बोटांनी मोकळे करून. ॲसिटोन उडून गेल्यावर कापसासारखा हलका माल उरतो, आणि तो वाळवायला ४० अंशांवर काही तास पुरतात. पाणी काढलं ते उष्णतेनं नव्हे, द्रावक बदलून. त्यामुळे धाग्यांमधली भोकं मिटत नाहीत.

वाळलेला अर्क खरवडायचा तो गार आणि कोरड्या हवेत. ट्रे थंड झाल्यावर टेफ्लॉन शीट उलटी वाकवली की पापुद्रे स्वतःहून सुटतात. सुटत नसतील तर ट्रे पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये अर्धा तास. थंड झालेला माल ठिसूळ होतो. खलही गार करून घ्यायचा आणि लहान लहान भागांत, घासून नव्हे तर ठोकून कुटायचं. घासलं की उष्णता होते आणि भुकटी पुन्हा खलाच्या तळाशी चिकटते.

वाळलं हे ठरवायचं कसं? सलग दोन वजनं सारखी आली म्हणजे झालं, असं सगळे मानतात. चिकट पदार्थांत ही खूण दोन्हीकडून फसवते. साय बंद झाली की वजन थांबतं, पण आत पाणी तसंच असतं. म्हणून वजन स्थिर आल्यावर थोडा माल काढून कुटून, पातळ पसरून पुन्हा त्याच तापमानाला दोन तास ठेवतो. यात वजन एक टक्क्यानं जरी घटलं तरी सगळा माल परत पाठवायचा. याउलट, तापमान जास्त असेल तर वजन कधी थांबतच नाही. वाळताना घट सुरुवातीला जास्त आणि नंतर कमी कमी होत जाते. दर तासाला तेवढंच वजन जात राहिलं आणि रंग गडद होऊ लागला, तर जातंय ते वाळण्याचं पाणी नाही. साखर विघटित होऊन स्वतःतून पाणी सोडतेय. फ्रुक्टोज असलेल्या मालाला ७० अंशांच्या वर नेऊ नये ते यासाठी. १०५ अंशांची नेहमीची पद्धत इथे पाण्याचं प्रमाण जास्त दाखवते.

अचूक आकडा हवा तेव्हा वाळूची पद्धत. झाकणाच्या धातूच्या सपाट डबीत २५ ग्रॅम आम्लानं धुतलेली, भाजलेली बारीक वाळू आणि एक आखूड काचेची कांडी. हे सगळं एकत्र वाळवून, डेसिकेटरमध्ये गार करून वजन करायचं. साधारण २ ग्रॅम घन पदार्थ येईल एवढा पाक त्यात घ्यायचा, ५ मिलिलिटर गरम पाणी घालून वाळूत पूर्ण कालवायचा. डबी उकळत्या वॉटर बाथवर ठेवून कांडीनं सतत ढवळायची, वाळू सुटी होईपर्यंत. सुरुवातीला ती ओल्या मातीसारखी कांडीला लागते, मग एका क्षणी कांडी हलकी होते आणि कण किरकिरू लागतात. त्यानंतर व्हॅक्यूम ओव्हन, ७० अंश, दाब ६७ मिलिबारच्या आत, आणि आत कोरड्या हवेची बारीक गळती मुद्दाम सोडलेली, सेकंदाला एक-दोन बुडबुडे. ही गळती महत्त्वाची, तिच्याशिवाय सुटलेलं बाष्प आतच घुटमळतं. चार तासांनी पहिलं वजन, मग दर दोन तासांनी, फरक २ मिलिग्रॅमच्या आत येईपर्यंत. कांडी डबीतून बाहेर काढायची नाही, तिला चिकटलेला मालही हिशोबात असतो. वाळूच्या प्रत्येक कणावर पाकाचा इतका पातळ लेप बसतो की साय धरायला जागाच राहत नाही.

भुकटी झाली की काम संपलं असं नाही. उघड्या खलात ती दमट हवेत दहा मिनिटांत गोळा होते. वजन झाकणाच्या बाटलीत, झाकण लावूनच करायचं. काट्यावर आकडा सावकाश वर चढताना दिसला तर तो काट्याचा दोष नाही, भुकटी पाणी ओढतेय. बाटली तोंडापर्यंत भरायची, आत जेलची पुडी, झाकणावर पॅराफिल्म (ताणून गुंडाळायची मेणासारखी पट्टी). गार जागेतून काढलेली बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, मोठ्या बाटलीला यासाठी दोन तासही लागतात. पुन्हा पुन्हा लागणारा माल सुरुवातीलाच ५-५ ग्रॅमच्या लहान बाटल्यांत विभागून ठेवला, तर दर वेळी एकच बाटली हवेला लागते.